घसरणे आणि सावरणे
(द्वितीय वर्ष, कला)



वार्षिकांकासाठी लेख द्यावेत अशी सूचना फलकावर लागली, तेव्हा वाङ्मय किंवा इतिहास यांतला एखादा विषय घ्यावा असे मला प्रथम वाटले. पण त्या विषयांवर अधिकाराने लिहू शकणारे मित्र वर्गात पुष्कळ आहेत. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेला मी पहिलाच. वाचन बेताचे. मात्र गेल्या पावसाळ्यात मी एक विद्या थोडीफार शिकलो, जी कोणत्याही अभ्यासक्रमात नाही, आणि जिच्या अभावी आमच्या घरावर काय प्रसंग आला हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. म्हणून तिच्याविषयीच लिहितो. मागच्या चाकांवर चालणारी मोटार मुद्दाम घसरवणे आणि घसरलेली मोटार सावरणे, अशी ही विद्या आहे. तिला ‘ड्रिफ्टिंग’ म्हणतात. नाव ऐकून प्राध्यापकांच्या कपाळाला आठी पडेल, हे मी जाणतो. परंतु लेख शेवटपर्यंत वाचावा, एवढी विनंती आहे.

जूनमधली एक रात्र

माझे वडील पिकअप टेंपो चालवतात. भिवंडी तालुक्यात ज्याचे शेत पुरत नाही तो यंत्रमागावर जातो, गोदामात हमाली करतो किंवा गाडीच्या स्टिअरिंगवर बसतो. वडील पंचवीस वर्षे स्टिअरिंगवर आहेत. गेल्या वर्षी जून महिन्यात, पहिल्या पावसाच्या दिवशी, माल खाली करून रात्री ते रिकामी गाडी घेऊन आमच्या दिघाशीकडे परत येत होते. भिवंडीहून वाड्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर, अंबाडीच्या अलीकडे, एका वळणात समोर म्हैस आली. वडिलांनी ब्रेक दाबला. वेग फार नव्हता. पण गाडीचे तोंड जागच्या जागी फिरले, मागचा भाग पुढे आला आणि गाडी रस्ता सोडून खाचरात गेली. म्हैस वाचली, वडीलही वाचले. खांद्याचे हाड मोडले आणि तीन महिने घरी बसण्याची पाळी आली.

त्या आठवड्यात फीचा हप्ता भरायचा होता. मी आईला म्हणालो, “कॉलेज सोडतो आणि गाडी चालवतो.” माझ्याजवळ मोटारीचे लायसन्स होते. पण चौकशी केल्यावर कळले, की मोटार वाहन कायदा, १९८८ प्रमाणे अठराव्या वर्षी खासगी मोटार चालवता येते, मालवाहू गाडी मात्र वीस वर्षे पूर्ण झाल्याशिवाय सार्वजनिक रस्त्यावर चालवता येत नाही. मी एकोणीस वर्षांचा. कायद्याने माझे कॉलेज वाचवले म्हणा ना! हप्ता आईच्या पाटल्यांनी भरला.

वडिलांना भेटायला मामा आले. मामांनी मुंबईत बावीस वर्षे काळी-पिवळी टॅक्सी चालवली. त्यांनी हळहळ व्यक्त करण्यापूर्वी एकच प्रश्न विचारला, “भाऊजी, पाय कुठे होता?”

“ब्रेकवर.”

“शेवटपर्यंत?”

“शेवटपर्यंत.”

“मग ती फिरणारच होती,” मामा म्हणाले.

वडील बराच वेळ छताकडे पाहत होते. मग माझ्याकडे बोट करून म्हणाले, “पुढच्या वर्षी हा गाडीवर बसेल. मला कोणी शिकवलं नाही. याला तुम्ही शिकवा.”

गाडी का घसरते?

मामांनी पहिले दोन रविवार मला गाडीला हात लावू दिला नाही. घरी बसवून हिशेब समजावला. तो येथे देतो.

गाडी रस्त्याला धरून असते ती चार टायरांच्या चार तुकड्यांवर. प्रत्येक तुकडा सुमारे तळहाताएवढा. या तुकड्याजवळ पकडीची ठराविक पुंजी असते. ती पुंजी दोन कामांवर खर्च होते : गाडीचा वेग वाढवणे किंवा कमी करणे हे एक, आणि गाडीला वळणात धरून ठेवणे हे दुसरे. पगार एक आणि खर्चाची तोंडे दोन, अशी आपल्या घरांसारखीच ही स्थिती आहे. वळणात असताना जोराने ब्रेक दाबला, की सगळी पुंजी एका बाजूला खर्च होते आणि दुसऱ्या कामासाठी काही उरत नाही. चाक ब्रेकने जखडून थांबले तर ते आडव्या दिशेला बर्फासारखे सरकते.

वळणासाठी लागणारी पकड वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, हे आपण शाळेत शिकलेलो असतो. वेग दुप्पट झाला की पकड चौपट लागते. मी शाळेतल्या सूत्राने हिशेब करून पाहिला. वीस मीटर त्रिज्येचे वळण कोरड्या डांबरावर सुमारे ४० किलोमीटर वेगाने घेता येते. तेच ओल्या रस्त्यावर ३० च्या आसपास, आणि चिखल पसरलेला असेल तर २० च्या थोडे पुढे गेले की संपले. पहिल्या पावसात तर रस्त्यावर साठलेली धूळ, तेल आणि रबराचा चुरा पाण्यात मिसळून त्याचा साबण होतो. चांगला मुसळधार पाऊस पडून गेला की तो धुऊन जातो. म्हणून ऑगस्टच्या रस्त्यापेक्षा जूनचा पहिला दिवस वाईट.

आता पुढची चाके आणि मागची चाके यांतला भेद. ज्या गाडीत इंजिनाचा जोर पुढच्या चाकांना मिळतो, ती बहुधा पुढून घसरते. म्हणजे स्टिअरिंग फिरवूनही सरळच जाते. ज्या गाडीत जोर मागच्या चाकांना मिळतो, तिच्यात वळणात अवेळी रेस दिली, अवेळी गिअर उतरवला किंवा ब्रेक दाबला, की मागचा भाग बाहेर फेकला जातो आणि गाडी स्वतःभोवती फिरू लागते. १९८३ साली मारुती ८०० आली तेव्हापासून आपल्याकडे पुढची चाके ओढणाऱ्या छोट्या मोटारी वाढत गेल्या. त्यापूर्वीची ॲम्बॅसडर आणि पद्मिनी दोन्ही मागच्या चाकांवर चालणाऱ्या. मात्र माल वाहणाऱ्या गाड्यांनी आपली रीत सोडलेली नाही. बोलेरो पिकअप, टाटा एस, ट्रक, आपली एस. टी., सगळ्यांचा जोर आजही मागेच. भिवंडीच्या गोदामांतला माल ज्या चाकांवर जातो, ती सारी मागची चाके आहेत.

याचे कारण सरळ आहे. माल मागे असतो, त्याचे ओझे मागच्या चाकांवर पडते, आणि ओझ्याने पकड वाढते. पण माल उतरल्यावर काय? इंजिन पुढे, ड्रायव्हर पुढे, आणि मागे मोकळा हौदा. त्यात ब्रेक दाबला की उरलेसुरले ओझेही पुढे झुकते आणि मागची चाके जमिनीला जेमतेम टेकलेली राहतात. “भरलेली गाडी ऐकते, रिकामी गाडी ऐकत नाही,” असे मामा म्हणाले, तेव्हा वडिलांनी मान हलवली. गाडी भरलेली असताना माणूस जपून चालवतो. काम संपवून रिकामा परतताना तो सैल होतो. आमच्या गाडीचे मागचे टायरही गोटा झालेले होते. नवी जोडी घेतली ती वडिलांनी पुढे टाकली होती. पुष्कळ ड्रायव्हर असेच करतात. वास्तविक चांगली जोडी मागे पाहिजे, कारण पुढून घसरलेली गाडी बहुधा वेग कमी केल्याने ताब्यात येते. मागून घसरलेली फिरते.

थोडा इतिहास

ज्याला आज ड्रिफ्टिंग म्हणतात ते जपानमध्ये वाढले. कुनिमित्सु ताकाहाशी हे मोटारशर्यतीतले खेळाडू १९७० च्या दशकात वळणात मागची चाके घसरवत ठेवून वेग टिकवीत असत. त्यांचे पाहून केइची त्सुचिया हा तरुण डोंगरातल्या नागमोडी रस्त्यांवर ही कला शिकला आणि पुढे तिचा राजा म्हणून जगभर ओळखला गेला. परंतु १९८७ साली त्याच्या डोंगरातल्या गाडी हाकण्याची चित्रफीत निघाली तेव्हा त्याचे लायसन्स निलंबित झाले, हेही सांगितले पाहिजे. पुढे या कलेला बंद मैदाने, नियम आणि पंच मिळाले. २००१ पासून जपानमध्ये तिच्या रीतसर मालिका स्पर्धा होऊ लागल्या. रस्त्यावरून ती मैदानात गेली तेव्हाच तिला प्रतिष्ठा मिळाली.

आपल्याकडे मोबाइलवर दिसतो तो तिचा पोकळ भाग : धूर, टायरांची किंचाळी आणि बाजूला ओरडणारी पोरे. येथे मला एक कबुली द्यावयाची आहे. अकरावीत असताना आम्ही चार मित्रांनी एका गोदामाच्या गल्लीत, मित्राच्या भावाची मोटार चोरून नेऊन, हँडब्रेक ओढून फिरवली होती. गाडी भिंतीपासून हातभर अंतरावर थांबली. आम्ही हसलो. ती भिंत हातभर अलीकडे असती तर काय झाले असते, याचा विचार मी वडिलांच्या खांद्याचे प्लास्टर पाहिले त्या दिवशी प्रथम केला.

शिकवणी

मामांजवळ १९८९ सालची पद्मिनी आहे. टॅक्सी सोडल्यावर त्यांनी ती हौसेने घेतली आणि वेळोवेळी तिची नोंदणी वाढवून घेतली. पद्मिनी आपल्या मुंबईतल्या कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होत असे. तो कारखाना सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर कंपनीचा. १९६४ मध्ये फियाटच्या नमुन्यावर सुरू झालेली ही गाडी पुढे अनेक वर्षे निघत राहिली, आणि मुंबईच्या रस्त्यावरची तिची शेवटची टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली. इंजिन १०८९ सीसीचे, मागे पाट्यांवर बसवलेला अखंड आस. ताकद कमी असल्यामुळे शिकण्यास ती उत्तम. जोरदार गाडी शिकाऊ माणसाला विचार करायला वेळ देत नाही.

जागा शोधण्यात एक महिना गेला. मी म्हणालो, भात कापल्यावर खाचरात शिकू. मामा म्हणाले, “आडवी सरकणारी गाडी बांधाला अडली की उलटते. घसरताना चाकाला काही अडता कामा नये.” शेवटी गावातल्या एका गोदाममालकांनी, गोदाम अजून भाड्याने गेले नव्हते म्हणून, मागचे काँक्रीटचे पटांगण रविवारी सकाळी वापरण्यास परवानगी दिली. पटांगणाला फाटक होते, मध्ये खांब नव्हता, गटार नव्हते. मामांनी ते आधी पायी फिरून पाहिले आणि पडलेले खिळे वेचून घेतले.

नियम असे ठरले. फाटक बंद, आत येणाऱ्यांत फक्त मी, मामा आणि फाटकाशी उभा माझा धाकटा भाऊ. त्याच्या हातात लाल फडके. ते वर गेले की गाडी थांबलीच पाहिजे. गाडीतून जॅक, स्टेपनी, पाण्याच्या बाटल्या, सर्व बाहेर. पट्टा बांधलेला, जुन्या गाडीत मामांनी तो मुद्दाम बसवून घेतला होता. डोक्यावर हेल्मेट. काचा वर. आग विझवण्याचे नळकांडे हाताशी. बसण्याची जागा अशी, की पाठ टेकलेली असताना मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर टेकावे. अंगठे स्टिअरिंगच्या आतल्या दांड्यांत अडकवायचे नाहीत. आणि जमीन नेहमी ओली; कोरडी असेल तर टँकरने भिजवायची. ओल्या जमिनीवर गाडी वीस किलोमीटरलाच घसरते. तेच कोरड्यावर करायचे तर वेग वाढवावा लागतो, आणि चूक तितकीच महाग होते.

पहिल्या दिवशी मामांनी रंगाचा रिकामा डबा मध्ये ठेवला आणि त्याभोवती पहिल्या गिअरमध्ये आठ मीटरचे वर्तुळ घ्यायला लावले. वर्तुळ स्थिर झाल्यावर म्हणाले, “आता रेस दे, एकदम.” मागची चाके भुरकन फिरली, शेपूट बाहेर आले आणि मी नको तेच केले : घाबरून ब्रेक दाबला. गाडी पूर्ण फिरून बंद पडली. मामा शांतपणे म्हणाले, “भाऊजींची रात्र तू बघितलीस.”

मी गाडीतून उतरलो. माझे पाय थरथरत होते. वडिलांनी अंधारात, एकट्याने, पन्नाशीच्या वयात जे अनुभवले ते मला दिवसाढवळ्या, मामा शेजारी असताना, वीसच्या वेगात सोसले नव्हते.

त्यानंतर पाच रविवार आम्ही तेच केले. शिकलो ते क्रमाने असे :

पहिले, पाय. शेपूट सुटले की ब्रेकवर पाय जाता कामा नये. रेस एकदम सोडायचीही नाही, कारण इंजिनही मागच्या चाकांना ब्रेकसारखे धरते. ती हळूहळू कमी करायची. ब्रेक दाबल्यामुळेच शेपूट सुटले असेल तर ब्रेक सोडायचा, म्हणजे चाक फिरू लागते आणि त्याला पकड परत मिळते.

दुसरे, हात. ज्या बाजूला शेपूट जाते त्याच बाजूला स्टिअरिंग फिरवायचे. ऐकायला सोपे आहे. पण हात उशीर करतात.

तिसरे, डोळे. ही सर्वांत अवघड गोष्ट. माणूस ज्याला घाबरतो त्याकडे पाहतो, आणि ज्याकडे पाहतो तिकडे हात नेतात. डब्याकडे पाहिले की डबा उडत असे. जिथे जायचे आहे तिकडे पाहिले की हात आपोआप योग्य तेवढे वळत.

चौथे, परत येणे. शेपूट सावरू लागले की स्टिअरिंग त्याच क्षणी सरळ करायचे. उशीर झाला तर गाडी उलट्या बाजूला दुप्पट जोराने फेकते. अनेक अपघात पहिल्या घसरणीत होत नाहीत, या दुसऱ्या फेकीत होतात.

हे चार साधल्यावरच मामांनी मला घसरण टिकवून ठेवायला शिकवले. रेस किंचित अधिक, किंचित कमी, स्टिअरिंग उलटे धरलेले, आणि गाडी तिरपी होऊन डब्याभोवती संथ फिरते आहे. ड्रिफ्ट म्हणतात तो हाच. पाचव्या रविवारी मी एक संपूर्ण फेरा असा घेतला. खरे सांगतो, आनंद झाला. तो आनंद खोटा आहे असे मी म्हणणार नाही. गाडी हाताबाहेर गेलेली असूनही हातात आहे, ही जाणीव मोठी विलक्षण असते.

मी उतरल्यावर मामांना विचारले, “हेच आपल्या पिकअपवर करून बघू?” त्यांनी माझ्याकडे असे पाहिले, की मी काय बोललो ते मला कळले. उंच गाडीचा तोल वर असतो. पिकअप, ओम्नी, रिक्षा यांसारखी वाहने आडवी सरकताना कशाला अडली की उलटतात. त्यांच्यावर ही विद्या मुद्दाम करून पाहण्याची नसते. प्रसंग आलाच तर उपयोगात आणण्याची असते. आणि सार्वजनिक रस्त्यावर तर कोणत्याच गाडीने नाही. तेथे असे करणे हा मोटार वाहन कायद्याप्रमाणे धोकादायक वाहन चालवण्याचा गुन्हा आहे. तेथे आपल्या पुंजीचा हिशेब आपल्याला माहीत असतो, समोरून येणाऱ्याचा नसतो.

समारोप

कोणी म्हणेल, की घसरायला शिकल्याने पोरे अधिक बेफाम होतील. माझा अनुभव उलट आहे. पकड किती थोडी असते आणि ती कशी संपते हे एकदा अंगाने कळले, की माणूस वळणाच्या आधीच वेग कमी करतो. पाच रविवारांनंतर मामांच्या शेजारी बसून मी पद्मिनी रस्त्यावर चालवली, तेव्हा ते म्हणाले, “आता तू हळू चालवतोस.” त्यांनी मला दिलेले हे प्रमाणपत्र मी जपून ठेवले आहे.

वडील आता पुन्हा गाडीवर आहेत. मागे नवे टायर आहेत. पहिल्या पावसाच्या दिवशी शक्यतो गाडी काढायची नाही, आणि काढलीच तर रिकाम्या हौद्यात वाळूची चार पोती आडवी बांधून टाकायची, असा नियम त्यांनी स्वतःच केला आहे.

येत्या मे महिन्यात मी वीस वर्षांचा होईन. परीक्षा आटोपल्यावर सुट्टीत वडिलांच्या ऐवजी अधूनमधून मी स्टिअरिंगवर बसणार आहे. आईला अजून ते पसंत नाही. ती रोज एकच विचारते, “पाय कुठे ठेवायचा ते लक्षात आहे ना?” मी हो म्हणतो. आमच्या घरात हा प्रश्न आता सर्वांना पाठ झाला आहे. आपल्यापैकी ज्यांच्या घरी गाडी आहे, त्यांनीही तो आपापल्या घरी एकदा विचारावा, यासाठीच हा लेख.